मॅनेजरने 'ग्राफ्टर' लिहिलंय, सही करू की तक्रार?

प्रश्न: ताई, मी मूळची राजापूरजवळची, आता पावणेदोन वर्षं झाली इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये एका सरकारी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. गेल्या आठवड्यात माझं अप्रेझल झालं. वॉर्ड मॅनेजर तसा चांगला माणूस, पण फॉर्मवर माझ्याबद्दल एकच ओळ खरडलीय, 'शी इज अ प्रॉपर ग्राफ्टर'. मला ग्राफ्ट म्हणजे स्किन ग्राफ्ट एवढंच माहीत, ओईटीच्या, म्हणजे नर्सिंगसाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या, तयारीत पण तेवढंच होतं. रूमवर येऊन फोनवर शोधलं तर पहिलाच अर्थ आला, लबाडीने पैसे खाणारा! बाबांना फोन केला तर ते म्हणाले पेपरात रोज येतो हा शब्द, ग्राफ्ट म्हणजे लाच, तू अजिबात सही करू नकोस. मागून आई ओरडली, ग्राफ्ट म्हणजे कलम, नर्सरीच्या पावतीवर असतं. मी रडायचीच राहिले होते. ज्या महिन्यात दोघीजणी सिक लीव्हवर होत्या त्या महिन्यात मी सलग लाँग डे केले, हँडओव्हरच्या (ड्युटी बदलताना पेशंट सोपवायच्या) गडबडीत एका आजोबांचा न्यूज स्कोअर (पेशंट बिघडत चाललाय का ते दाखवणारा आकडा) वाढत चाललाय हे माझ्याच लक्षात आलं आणि मी डॉक्टरला बोलावून घेतलं, आणि त्याचं हे फळ? आठ दिवस मी मॅनेजरशी कामापुरतंच बोलतेय. सही शुक्रवारपर्यंत करायचीय. वर तक्रार करू का?
– रोज कॅनॉलच्या कडेने तोंड पाडून ड्युटीला जाणारी

उत्तर:

अगं बाई, आधी ते तोंड वर कर आणि तक्रार-बिक्रार कुठेही करू नकोस. त्या माणसाने तुला शिवी दिलेली नाही, त्याच्या गावात याहून मोठी शाबासकी क्वचित देतात. ग्राफ्टर म्हणजे राबणारी, कामाला वाघ, अंग न चोरता, कुणी बघतंय की नाही याची पर्वा न करता खपणारी. आणि 'प्रॉपर' पुढे लावलं म्हणजे अस्सल, एक नंबर. आपल्याकडे एखादी सासू शेजारणीला सांगते ना, आमची सून दिसायला बारीक पण कामाला नुसती आग आहे, तो सूर आहे तो.

आता तुझ्या फोनने असा घात का केला ते सांगते, कारण बाबांना पटवायचं तर नुसतं 'ताई म्हणाल्या' चालणार नाही, माझ्या वडिलांनाही चाललं नसतं. तुला जो अर्थ सापडला तो खोटा नाहीये, तो अमेरिकेतला आहे. तिकडे ग्राफ्ट म्हणजे सत्तेच्या खुर्चीत बसून पैसे खाणं आणि ग्राफ्टर म्हणजे ते खाणारा. आपल्या इंग्रजी पेपरवाल्यांनी तो अर्थ उचलला, कारण करप्शन लिहायला दहा अक्षरं लागतात आणि ग्राफ्ट पाचात बसतो, हेडिंगमध्ये जागा किती असते. त्यामुळे बाबा रोज सकाळी चहासोबत अमुक खात्याची ग्राफ्ट केस, तमुक अधिकारी ग्राफ्टमध्ये अडकला असं वाचतात, त्यांची काही चूक नाही. चूक एवढीच की यॉर्कशायरच्या माणसाचा शब्द आपण अमेरिकेच्या डिक्शनरीत जाऊन शोधला. घाटावरची बाई 'कालवण' म्हणाली म्हणून मालवणात जाऊन कालवं शोधण्यातला प्रकार.

तर मुळात हा शब्द मातीतला आहे, शब्दशः. जुन्या इंग्रजीभाषक मजुरांमध्ये फावडं एकदा पूर्ण घुसवलं की जेवढी माती निघते तेवढ्या खोलीला ग्राफ्ट म्हणायचे, सतराव्या शतकापासून या अर्थाने तो लिहिलेला सापडतो. म्हणजे चर किती खोल खणायचा तर दोन ग्राफ्ट, असं. आजही तिकडे चिकणमातीत चर मारायला जे लांब, अरुंद पात्याचं फावडं मिळतं त्याला ग्राफ्टिंग टूल म्हणतात, हार्डवेअरच्या दुकानात बघ कधी. खणणे या अर्थाच्या जुन्या जर्मानिक धातूवरून तो आलाय, त्याच घरातली ग्रेव्ह म्हणजे कबर, ग्रूव्ह म्हणजे खाच, आणि एन्ग्रेव्ह म्हणजे कोरणं (आपण पण दगडावर अक्षरं खोदतो आणि विहीरही खोदतो, बघ). डच लोकांकडे हाच ग्राफ्ट, त्यांच्या जिभेवर फ्टचा ख्ट झाला आणि शब्द झाला 'ग्राख्ट', म्हणजे खणलेला कालवा. अॅमस्टरडॅमचे ते फोटोतले कालवे, हेरेनग्राख्ट, प्रिन्सेनग्राख्ट, सतराव्या शतकात माणसांनी हाताने खणलेले, त्या प्रत्येकाच्या नावात तुझ्या अप्रेझलचा शब्द लपलाय.

आणि तू सही करताना काय लिहिलंयस, कॅनॉलच्या कडेने जाणारी! यॉर्कशायरमधून जाणारा सगळ्यात मोठा कॅनॉल म्हणजे लीड्स ते लिव्हरपूल, १२७ मैलांचा, १७७० मध्ये खणायला सुरुवात आणि १८१६ मध्ये पूर्ण, सेहेचाळीस वर्षं, जेसीबी नाही, डिझेल नाही, फावडं, टिकाव, ढकलगाडी, घोडा आणि माणूस. ही खणणारी माणसं म्हणजे नॅव्ही, नॅव्हिगेशन म्हणजे बोटींचा जलमार्ग, तो खणणारे म्हणून नॅव्ही, पुढे त्यांनीच रेल्वेचे बांध घातले. आता तू कडेने चालताना जे पाणी बघतेस त्याच्या तळाची एकेक पाटी माती कुणीतरी उपसलीय. तुझा कॅनॉल नेमका हाच आहे का मला माहीत नाही पण त्या भागात असशील तर बहुतेक हाच. एवढं लक्षात घे की त्या पट्ट्यात, जिथे गिरण्या होत्या, खाणी होत्या, तिथे अंगमेहनत हा कमीपणा नाही, मान आहे, आणि ग्राफ्टर हा शब्द त्या मानातून येतो. तुझा मॅनेजर तो बोलताना ग्रॅफ्ट असा आखूड म्हणत असेल, लंडनकडचे लोक ग्राऽफ्ट असा लांबवतात, उद्या कान देऊन ऐक.

खणण्याचं काम ते कुठलंही काम, ही उडी बहुधा एकोणिसाव्या शतकात पडली. १८५० नंतरच्या इंग्रजी बोलीत 'तुझं ग्राफ्ट काय' म्हणजे तुझा धंदा काय, पोटासाठी काय करतोस. ऑस्ट्रेलियात पण हार्ड ग्राफ्ट म्हणजे घामाचं काम. (ऑस्ट्रेलियात त्याला अजून एक शब्द आहे, 'यॅका', हार्ड यॅका म्हणतात, तो ब्रिस्बेन भागातल्या मूळ रहिवाशांच्या यगारा भाषेतून आलाय, तिथे 'यागा' म्हणजे काम. विषय तुझा नाही, पण मला हा शब्द फार आवडतो, म्हणून घुसवला.)

मग अमेरिकेत त्याची लाच कशी झाली? आपल्या 'धंदा' शब्दाकडे बघ म्हणजे लगेच कळेल. काकांचा किराणाचा धंदा आहे म्हटलं तर इभ्रतीचं आणि 'हे कसले धंदे चाललेत तुझे' म्हटलं की संपलं. उद्योगाचंही तेच, उद्योगी मुलगा चांगला पण नसते उद्योग करणारा वाईट. तसंच ग्राफ्टचं झालं. पोटापाण्याचा धंदा या अर्थाचा शब्द पाकीटमार आणि ठगांनी आपल्या कामाला लावला, आमचं पण ग्राफ्टच हो, आणि १८६० च्या दशकापासून अमेरिकेत तो काळ्या कमाईला चिकटला, तिथून राजकारण्यांच्या खाबूगिरीला. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट नावाचा एक पुढारी होता, टॅमनी हॉल नावाच्या पक्षाच्या यंत्रणेचा माणूस, तो १९०५ च्या सुमारास उघड सांगायचा की ग्राफ्टमध्ये पण दोन प्रकार आहेत, एक प्रामाणिक आणि एक अप्रामाणिक! प्रामाणिक म्हणजे काय, तर नवीन पार्क किंवा पूल कुठे होणार हे मला आतून आधी कळतं, मी जाऊन आजूबाजूची जमीन घेऊन ठेवतो, मग सरकारला ती माझ्याकडून चढ्या भावात घ्यावी लागते, यात चोरी कसली? वाचताना मला वाटलं हा माणूस न्यूयॉर्कचा कशाला, आपल्या कुठल्याही रिंगरोडच्या गावात भेटला असता. अमेरिकन इंग्रजीतला ग्रिफ्टर, म्हणजे गोड बोलून गंडवणारा, तो पण बहुधा या ग्राफ्टरचाच मुलगा. तर फोनमध्ये तुला भेटला तो हा प्लंकिटचा ग्राफ्टर, आणि फॉर्मवर बसलाय तो फावडंवाला.

बाबा सुटले. आता आईकडे येते, आणि इथे मला खरी मजा आली, कारण तुझी आई पण शंभर टक्के बरोबर आहे, फक्त तिचा ग्राफ्ट दुसऱ्याच घराण्यातला आहे. कलम या अर्थाचा ग्राफ्ट आणि खणण्याचा ग्राफ्ट, दिसायला सख्खे जुळे, नातं काही नाही. कलमवाला ग्राफ्ट आला जुन्या फ्रेंचमधून, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून, लॅटिनमध्ये ग्रीकमधून, आणि ग्रीकमध्ये 'ग्राफेइऑन' म्हणजे मेणाच्या पाटीवर लिहायची टोकदार लेखणी. ग्राफ, टेलिग्राफ, फोटोग्राफ सगळे त्याच कुळातले. लेखणीचा आणि झाडाचा संबंध काय, तर कलम बांधताना जी काडी घेतात ती पेन्सिलीएवढी जाड आणि टोकाला तासलेली, हुबेहूब लेखणी.

आता तू राजापूरची, तुला मी काय सांगणार, पण तरी आठव. पावसाच्या सुरुवातीला वाफ्यात पेरलेल्या कोयींना तांबूस लुसलुशीत कोंब आलेले असतात, माळी खाली बसून ब्लेडने कोंबाचा शेंडा उडवतो, मधोमध बारीक चीर देतो, मग हापूसची काडी घेतो, तिला दोन्ही बाजूंनी तिरके काप, पाचरीसारखी करतो, ती चिरेत सरकवतो आणि प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून गाठ. कोय कलम. त्या तासलेल्या काडीचं टोक आणि बोरूचं टोक शेजारी ठेवलं तर फरक सांगता येणार नाही. आणि बघ ना, आपण त्याला म्हणतो काय? कलम. कलम म्हणजे लेखणी, कलम म्हणजे बांधलेलं झाड, आमच्याकडे तर 'चाळीस कलमं आहेत' म्हटलं की बाकीचं सगळं रायवळ हे न सांगता कळतं. आपला कलम आला अरबी-फारसीतून आणि त्याच्या मागेही ग्रीकच आहे, 'कालामोस' म्हणजे बोरू. म्हणजे दोन वेगळ्या ग्रीक शब्दांवरून, दोन वेगळ्या वाटांनी, इंग्रजांनी पण झाडाच्या काडीला लेखणी म्हटलं आणि आपण पण. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजायची विसरले होते, वरणाची पेज झाली.

(बाबांना चिडवायचं असेल तर एवढं सांग की लाचेचं पण आपल्याकडे कलमच आहे, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८, कलम ७. तिन्ही ग्राफ्ट एका कलमात आणले.)

तुझा स्किन ग्राफ्ट हा आईच्या बाजूचा. एका ठिकाणचा तुकडा काढून दुसऱ्या ठिकाणी लावायचा, तो तिथे जीव धरतो, झाडासारखाच. रेव्हर्दां नावाच्या स्विस डॉक्टरने १८६९ मध्ये पॅरिसमध्ये कातडीचे छोटे छोटे तुकडे लावून दाखवले आणि त्यानंतर लवकरच इंग्रजी सर्जरीत ग्राफ्ट शब्द रुळला. तुमच्या वॉर्डात कुणी उत्साहाने विचारलं तर त्यांना पुण्याचीही गोष्ट सांग, १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली होती, इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवाला, टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलं होतं, आणि पुण्याजवळच्या एका देशी कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवीन नाक बसवलं. ते वाचून लंडनच्या कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये तसंच ऑपरेशन केलं. आता तू म्हणशील ताई तो फ्लॅप झाला, ग्राफ्ट नाही, रक्तपुरवठा तुटत नाही त्यात. बरोबर आहे, म्हणून तर तू नर्स आणि मी पत्रांना उत्तरं देणारी.

बरं, शब्द झाला. आता मला जे खरं तुझ्याशी बोलायचंय ते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा मला त्या एका ओळीवर थोडा राग आला, पण तुला आला त्या कारणासाठी नाही. ग्राफ्टर ही शाबासकी आहे पण ती घामाची शाबासकी आहे. दोघीजणी नसताना लाँग डे ओढलेस, ते ग्राफ्ट. पण हँडओव्हरच्या गोंधळात आजोबांचा न्यूज स्कोअर चढतोय हे जिला दिसलं, आणि जी नुसतं कागदावर आकडा लिहून पुढे न जाता डॉक्टरला बोलावून घेऊन आली, तिथे घाम नाही गं, तिथे नजर आहे, डोकं आहे, आणि हिंमत पण आहे कारण नवीन देशात, दुसऱ्याच्या भाषेत डॉक्टरला 'आत्ता या' म्हणणं सोपं नसतं. ते फॉर्मवर कुठेय? मला परदेशातल्या मुलींची बरीच पत्रं येतात आणि त्यात हे वारंवार दिसतं, की मेहनती आहे, कधी नाही म्हणत नाही, सुट्टीच्या दिवशी बोलावलं तरी येते, असं तोंडभर कौतुक होतं आणि वरची जागा निघाली की ती मिळते निर्णय घेणारीला. कौतुक करणारा वाईट असतो असं नाही, त्याला जे पटकन दिसलं ते त्याने लिहिलं. आपल्याकडे घरात पण हेच, जी राबते तिला सगळे राबणारीच म्हणतात आणि सल्ला विचारायला दुसरीकडे जातात. आपला 'कष्ट' शब्दच बघ, संस्कृतात त्याचा अर्थ दुःख, पीडा. मेहनत अरबीत म्हणजे कसोटी, संकट. कष्टाळू म्हणून मान खूप मिळतो पण त्याने बँड, म्हणजे तिकडची पगाराची पायरी, बदलत नाही.

तर उद्या किंवा परवा मॅनेजरला पाच मिनिटं माग. पहिलं, त्याला ही सगळी फजिती सांगून टाक, फोन, बाबा, लाच, आई, आंबे, सगळं. आठ दिवस तू तोंड फिरवून होतीस, त्यालाही कळेना झालं असेल काय बिनसलं, हसून मोकळं होईल. मग म्हण की शब्द मला आवडला, राहू दे, पण त्याखाली दोन वाक्यं अजून लिहाल का, त्या आजोबांच्या वेळी मी काय बघितलं आणि काय केलं ते, तारखेसकट. पेशंटचं नाव नको अर्थात, ते तुला मी सांगायला नको. लाजू नकोस, हे मागणं म्हणजे स्वतःची टिमकी वाजवणं नाही, अप्रेझलचा फॉर्म त्यासाठीच असतो. तू आत्ता बँड पाचला असशील, उद्या बँड सहासाठी अर्ज केलास की मुलाखतीत कुणी विचारत नाही तू किती राबतेस, विचारतात बिघडत चाललेला पेशंट तू कसा ओळखलास, तेव्हा तुझ्याकडे लेखी काहीतरी पाहिजे.

दुसरं, तुझं एनएमसीचं, म्हणजे तिकडच्या नर्सिंग कौन्सिलचं, रिव्हॅलिडेशन (नोंदणीचं नूतनीकरण) दर तीन वर्षांनी येणार, त्यात ४५० तास प्रॅक्टिस आणि ३५ तास शिक्षण तर असतंच, पण पाच फीडबॅक आणि पाच रिफ्लेक्शन, म्हणजे आपल्याच कामावर मागे वळून लिहिलेली टिपणं, पण लागतात आणि सगळ्या मुली ते शेवटच्या महिन्यात रात्री जागून गोळा करतात. हा एक फीडबॅक तुझ्याकडे आयता चालून आलाय. आणि त्या आजोबांच्या प्रसंगावर एक रिफ्लेक्शन आत्ताच लिहून ठेव, आठवण ताजी आहे तोवर, पुढच्या वर्षी स्कोअर काय होता ते आठवणार नाही.

एक बारीक सूचना, वॉर्डातल्या तरुण पोरांकडून हा शब्द ऐकलास तर जरा कान टवकार. तिकडच्या एका डेटिंगच्या रिअॅलिटी शोमुळे 'ग्राफ्टिंग' म्हणजे एखादीच्या मागे मागे करणं, लाइन मारायला कष्ट घेणं असाही अर्थ झालाय. कॅन्टीनमध्ये कुणी म्हणालं की अमुक फिजिओ तुझ्यासाठी ग्राफ्टिंग करतोय, तर तो तुझं काम हलकं करतोय असं समजून थँक यू म्हणू नकोस, म्हणजे म्हणायचं असेल तर म्हण, तो तुझा प्रश्न.

बाबांना आज रात्रीच फोन कर, त्यांची झोप उडालेली असणार. आईला सांग तिची काडी बरोबर बसली. आणि तो फॉर्म, ती दोन वाक्यं आली की लगेच सही करून टाक, शुक्रवारची वाट बघू नकोस.